आजार तुम्हाला, कल्चर सासूबाईंचं

वाचकाचं पत्र : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४९. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीपासून चौथ्यांदा लघवीला जळजळ झाली. दर दहा मिनिटांनी जावंसं वाटतं आणि गेलं की चार थेंब. एकदा लघवी गुलाबीसर दिसली. पहिल्या वेळी मेडिकलमधून गोळ्या आणल्या, मग दोनदा डॉक्टरांनी दिल्या, चौथ्या वेळी घरात उरलेल्याच घेतल्या. दोन दिवसांत आराम पडतो, मग मी थांबवते. नंतर दर वेळी लघवी तपासते, तर पस सेल्स ८-१० किंवा १०-१२ असतातच, आणि पुन्हा गोळ्या. इन्फेक्शन अंगात मुरलंय का? एकदा मिस्टरांनाही गोळ्या दिल्या. माझं कल्चर (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी) कधी झालं नाही.

त्यात सासूबाईंचं (वय ७४, मधुमेह) मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. आधीच्या तपासणीत लघवीत पस सेल्स २५-३०, साखर चार प्लस. कल्चरमध्ये ई. कोलाय, एक लाखाच्या वर, ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’. त्यांना जळजळ नाही, ताप नाही. खाली खाज येते एवढंच म्हणतात. सात दिवस इंजेक्शनं घ्या, मग ऑपरेशन, असं सांगितलंय. मी त्यांचा मग, बादली, टॉवेल वेगळा केला. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांना लागलंय ते. काय करू?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

ताई,

पत्र वाचून आधी हसू आलं, त्याबद्दल माफ करा. सहा महिने जळजळ तुम्ही सोसताय आणि कल्चर झालं सासूबाईंचं, ज्यांना काहीच होत नाही. तुम्हाला अंदाजाने चार वेळा औषध मिळालं, त्यांना रिपोर्टवरून मिळणार आहे. दोन्हीकडे एकच चूक आहे, फक्त उलट्या बाजूने.

सुरुवात सासूबाईंपासून करते, कारण त्यांचा मग आधी जागेवर यायला हवा. आजच आणा. ई. कोलाय हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा जंतू आहे. ‘ईएसबीएल’ म्हणजे त्या जंतूला पेनिसिलिनच्या आणि सेफॅलोस्पोरिनच्या जातीची औषधं मोडून टाकणारं एक विकर (एन्झाइम) तयार करता येतं. जंतू किती चिवट आहे, हे त्यावरून कळतं. माणूस किती आजारी आहे, हे त्यावरून कळत नाही. आपल्याकडे असे जंतू धडधाकट माणसांच्या पोटातही सर्रास सापडतात. तुमच्या-माझ्या पोटात नसतील, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवायचे, इतकं पुरे. बादली कसली वेगळी करता!

आता त्यांच्या लघवीतले जंतू. लघवीत जंतू असणं वेगळं आणि लघवीचं इन्फेक्शन असणं वेगळं. वय वाढलं, मधुमेह असला, की बऱ्याच बायकांच्या मूत्राशयात जंतू येऊन राहतात आणि कुणाला काही त्रास देत नाहीत. लघवी तपासली तर पस सेल्स दिसतात, कल्चर लावलं तर लाखाच्या वर वाढ येते, आणि बाई मात्र पापड लाटत बसलेली असते. अशा वेळी अँटिबायोटिक देऊन उपयोग होतो का, हे मधुमेही बायकांवरच पाहून झालंय. कॅनडातला तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शंभरावर बायका होत्या, पाठपुरावा तीन वर्षांपर्यंतचा. औषधाने जंतू तेवढ्यापुरते गेले, पुन्हा आले. त्रासदायक इन्फेक्शनं दोन्ही गटांत सारखीच झाली. फरक इतकाच, की उपचार घेणाऱ्या बायकांच्या वाट्याला अँटिबायोटिकचे दिवस जवळजवळ पाचपट आले.

म्हणून जगभरची मार्गदर्शक तत्त्वं आता सांगतात की त्रास नसेल तर असे जंतू शोधायलाही जाऊ नका. ठळक अपवाद दोन : गरोदर बाई, आणि मूत्रमार्गातच अशी शस्त्रक्रिया करायची असेल की जिच्यात आतून रक्त येणार. मोतीबिंदू त्यात बसत नाही. डोळा आणि मूत्राशय यांचा तसा काही संबंध नाही. डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्तातली साखर आटोक्यात हवी, पापण्यांना किंवा अश्रुपिशवीला इन्फेक्शन नको, हे खरं महत्त्वाचं. आणि ईएसबीएल जंतूंसाठी जी इंजेक्शनं वापरतात, त्यांतली काही अगदी राखीव ठेवणीतली आहेत, काही किडनीवर ताण देणारी. ७४ वर्षांच्या मधुमेही बाईला ती कारण नसताना देऊ नयेत.

नेत्रतज्ज्ञांशी भांडू नका. तेही सगळे रिपोर्ट स्वच्छ दिसले की निर्धास्त होतात, आमच्या धंद्यातली ही जुनी सवय आहे. एवढंच विचारा : “आईंना जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणं काहीच नाही. लक्षण नसताना लघवीतल्या जंतूंसाठी इंजेक्शनं द्यायलाच हवीत का? एखाद्या फिजिशियनचं मत आणलं तर चालेल का?” बहुतेक डॉक्टर हा प्रश्न ऐकून घेतात.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ अडले : खाज, आणि लघवीत साखर चार प्लस. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं काढा आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव वाचा. शेवटी ‘फ्लोझिन’ येतंय का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. ही गोळी रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकते, त्यामुळे रक्तातली साखर छान असली तरी लघवीत चार प्लस येणारच. चांगलं औषध आहे ते, हृदयाला आणि किडनीलाही त्याचा फायदा होतो. पण गोड लघवी लागत राहिली की खालच्या नाजूक जागी बुरशी वाढते, आणि खाज ही तिची ठळक खूण. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही, उलट जास्त फोफावते. म्हणजे ती सात दिवसांची इंजेक्शनं घेतली असती, तर त्यांना खरोखर होणारा एकमेव त्रास वाढला असता. गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना खाज सांगा (सासूबाई स्वतः सांगणार नाहीत, तुम्हीच सांगा), ते तपासून बुरशीसाठी मलम किंवा गोळी देतील. ऑपरेशनच्या वेळीही ही गोळी चालू असल्याचं सांगा, कारण उपाशी ठेवून करायच्या शस्त्रक्रियेआधी ती काही दिवस थांबवतात.

सासूबाईंना पुढे कधी थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखलं, नव्याने जळजळ झाली, तर मात्र हे सगळं विसरून लगेच दवाखाना. अचानक असंबद्ध बोलायला लागल्या तरीही न्या. पण तेव्हा ‘लघवीचंच असेल’ म्हणून तिथेच थांबू देऊ नका. साखर, सोडियम, अंगातलं पाणी आणि नव्या गोळ्या, सगळं बघायला लावा.

आता तुमच्याकडे वळते.

जळजळ, सारखी लागणं, घाई, चार थेंब आणि कळ. त्यासोबत पांढरं जात नसेल, खाली खाज नसेल, तर एवढ्या वर्णनावरच दहातल्या नऊ वेळा मूत्राशयाचं इन्फेक्शन निघतं. पहिल्या खेपेला म्हणूनच कल्चरचीही गरज नसते. पण सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, की त्याला ‘वारंवार होणारं’ म्हणायचं आणि तिथून पुढे कल्चरशिवाय गोळी नाही. तुम्ही ती रेषा केव्हाच ओलांडलीत.

आपल्याकडे अजून एक गोष्ट गोंधळ घालते, ती म्हणजे उन्हाळी. सोलापूरचं ऊन, दिवसभर पाणी नाही, लघवी घट्ट पिवळी होते आणि आग करते. आई म्हणायची ‘उन्हाळी लागली’, आणि धन्याजिऱ्याचं पाणी द्यायची. ते खोटं नव्हतं. दोन-तीन तांबे पाणी पोटात गेलं आणि काही तासांत आग थांबली, तर ती उन्हाळीच होती. रात्री झोप मोडून पाच वेळा उठवते, दुसऱ्या दिवशीही तशीच राहते, रंग गढूळ किंवा गुलाबी होतो, ती उन्हाळी नव्हे. धन्याजिऱ्याचं पाणी त्यातही प्या, पाणी म्हणून. त्याने जंतू मात्र मरत नाहीत.

तुमच्या गोळ्यांची नावं तुम्ही लिहिली नाहीत, पण मेडिकलमधून लघवीसाठी काय मिळतं ते मला ठाऊक आहे : ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, नाहीतर नॉरफ्लॉक्सासिन, नाहीतर सेफिक्झिम. जोडगोळीतलं ऑर्निडाझोल तर मूत्राशयाच्या नेहमीच्या जंतूंवर काम करतच नाही, ते जुलाबाच्या आठवणीने तिथे बसलेलं असतं. ‘फ्लॉक्सासिन’ जातीच्या औषधांना आणि सेफिक्झिमच्या भावंडांना आपल्याकडचे ई. कोलाय फार मोठ्या प्रमाणात दाद देईनासे झालेत. शिवाय पहिल्या जातीने स्नायूंच्या कंडरा दुखावतात, क्वचित तुटतात. साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला ती पहिली निवड असू नये.

मग काय? एक जुनंच औषध, १९५० च्या दशकातलं : नायट्रोफ्युरँटॉइन. ते लघवीतच साठतं, रक्तात फारसं रेंगाळत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक ई. कोलाय अजून त्याला दबतात. तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टवरही, पाहा, त्याच्यापुढे बहुधा ‘एस’ असेल, म्हणजे जंतू त्याला दबतो. नेहमीचा कोर्स पाच दिवसांचा, जेवणावर घ्यायचा. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर चालत नाही. आणि ताप, कुशीत दुखणं असेल, म्हणजे इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं असेल, तर ते अपुरं पडतं, तिथे वेगळं औषध लागतं. दुसरं औषध फॉस्फोमायसिन, तीन ग्रॅमची पुडी पाण्यात ढवळून एकदाच घ्यायची, शक्यतो रात्री लघवी करून. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. तुमची किडनी आणि इतर औषधं पाहूनच ते ठरेल.

त्याबरोबर एक सिरप हमखास दिलं जातं, आग शमवणारं, सायट्रेटचं. दोन चमचे पाण्यातून. बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण नायट्रोफ्युरँटॉइनला आंबट लघवी मानवते आणि हे सिरप लघवीचा आंबटपणा काढून घेतं, तेव्हा दोन्ही एकत्र नको. आग सहन होत नसेल तर साधं पॅरासिटामॉल आणि ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी.

कोर्स पुरा करा, हे तुम्हाला शिक्षिका असूनही सांगावं लागतंय. दोन दिवस गोळ्या खाऊन उरलेल्या डब्यात ठेवल्या, म्हणजे अर्धवट मार खाल्लेले जंतूही राखून ठेवले आणि पुढच्या वेळची अर्धवट गोळीही. तो डबा रिकामा करा.

आता तुमचा खरा प्रश्न : जळजळ गेल्यावरही पस सेल्स ८-१० येतात. त्रास गेला असेल तर लघवी पुन्हा तपासायचीच नाही, ताई. इन्फेक्शन ‘मुरलेलं’ नाही, तुम्ही ते शोधत फिरताय. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी. त्या पांढऱ्या पाण्यातून येतात, पाळी गेल्यावर कोरड्या, चुरचुरणाऱ्या त्वचेतून येतात, घाईने धरलेल्या नमुन्यातून येतात. त्याच कागदावर ‘एपिथेलियल सेल्स’ ही ओळ वाचा. तिथे आकडा मोठा असेल तर नमुन्यात बाहेरची त्वचा उतरली आहे, आणि पस सेल्सचा आकडा विश्वासाचा नाही. त्या आकड्याला घाबरून घेतलेली प्रत्येक गोळी तुमच्या आतड्यात चिवट जंतूंची रोपं लावून गेली असणार. एकच अपवाद : तुम्हाला गुलाबी लघवी दिसली होती. ती इन्फेक्शननेही होते, पण बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी एकदा लघवी तपासून लाल पेशी गेल्यात ना, हे पाहा. राहिल्या असतील, किंवा कधी जळजळीशिवाय रक्त दिसलं, तर युरॉलॉजिस्ट गाठा. या वयात ते अंगावर काढायचं नाही.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली की पहिली गोळी पोटात जायच्या आधी कल्चरचा नमुना द्या. तो कसा द्यायचा, हे आमच्यापैकी कुणी धड सांगत नाही. बाटली लॅबमधूनच घ्या, निर्जंतुक, रुंद तोंडाची. घरातली धुतलेली बाटली नको. खाली साध्या पाण्याने धुवा, डेटॉल-बिटॉल नको. दोन बोटांनी जागा फाकवून धरा, पहिली धार संडासात जाऊ द्या, मधली धार बाटलीत धरा, शेवटची पुन्हा संडासात. झाकण आतून हाताळू नका. तासाभरात लॅबमध्ये पोचवा. नाहीतर पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, घरच्यांनी तोंड वाकडं केलं तरी.

तालुक्याच्या ठिकाणी तर एक प्रश्न नक्की विचारा : कल्चर इथेच लावता की शहरात पाठवता? पाठवत असतील तर नमुना संध्याकाळच्या गाडीपर्यंत टेबलावर राहतो की बर्फाच्या डब्यात? ई. कोलायला चांगलं खाद्य आणि ऊब मिळाली की वीसेक मिनिटांत त्याचे दुप्पट होतात. एप्रिलच्या उन्हात दुपारभर पडलेल्या बाटलीत शेकड्यांचे लाख व्हायला कितीसा वेळ लागणार?

हा ‘एक लाख’ आकडाही (एका मिलिलिटर लघवीतले जंतू) ऐकून ठेवा. १९५० च्या दशकात बॉस्टनमध्ये एडवर्ड कास नावाच्या डॉक्टरांनी तो रूढ केला. नमुन्यात बाहेरून पडलेले जंतू कोणते आणि लघवीत खरोखर वाढणारे कोणते, हे ओळखायला त्यांना सीमारेषा हवी होती. ती दगडावरची रेघ नव्हे. जळजळ असलेल्या बाईत हजार, कधी शंभर ई. कोलायसुद्धा खरे असतात. म्हणून त्रास असताना ‘नो सिग्निफिकंट ग्रोथ’ आलं तर डॉक्टरांना दाखवा, ‘मनाचं असेल’ म्हणून घरी बसू नका. तीन-चार जातीचे जंतू एकत्र उगवले असतील, तर नमुना बिघडला, पुन्हा द्यायचा. आणि औषधांच्या यादीसमोर आकडे असतात, त्यात सगळ्यात लहान आकड्याचं औषध सगळ्यात भारी असं नसतं. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते. फक्त ‘एस’ (दबतो) आणि ‘आर’ (दाद देत नाही) पाहा.

पुन्हा पुन्हा का होतंय? मला वाटतं, उत्तर तुमच्या पत्राच्या दुसऱ्या वाक्यात आहे : पाळी जाऊन दोन वर्षं झाली. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन असतं तोवर योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे मित्रजंतू राहतात आणि जागा आंबट ठेवतात, आतड्यातल्या जंतूंना तिथे थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन ओसरलं की तो पहारा उठतो. आणि बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसेक. यावरचा उपाय तीस वर्षांहून जुना आहे : योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, मलम. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९३ बायका होत्या, पाळी गेलेल्या, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या. खोटं मलम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ५.९ वेळा झालं, खरं लावणाऱ्यांना ०.५ वेळा. इतका मोठा फरक माझ्या कामात मी क्वचित पाहिलाय, आणि तरी हे मलम लिहून देणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजावे. ‘हार्मोन’ म्हटलं की घाबरतात सगळे. हे रक्तात फार थोडं जातं. स्तनाचा कर्करोग झाला असेल किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल तर आधी सांगा. नाहीतर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन थेट विचारा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने द्या. त्यांच्याकडून पोटाची सोनोग्राफीही करून घ्या, लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरते त्या मापासह, म्हणजे खडा वगैरे नाही हे कळेल. आणि तुमची साखर, सासूबाईंचीच नव्हे.

नवराबायकोच्या संबंधांनंतर त्रास सुरू होतो का, तेही डॉक्टरांना सांगा. तसं पुष्कळांचं होतं. पण हा लैंगिक आजार नाही, जंतू तुमच्याच आतड्यातले आहेत. मिस्टरांना गोळ्या द्यायचं काही कारण नव्हतं. कोरडेपणाने दुखत असेल तर तेच मलम तिथेही कामाला येईल. शाळेच्या संडासातून लागलं असेल का, ही शंका बहुतेक जणींना असते. नाही लागत. मात्र त्या संडासाच्या भीतीने सकाळी साडेनऊपासून पाच वाजेपर्यंत पाण्याचा घोट न घेणं हे खरं नडतं. दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी दीड लिटर जास्त प्यायलं, तर वर्षातली इन्फेक्शनं जवळजवळ निम्मी झाली, असा २०१८ चा अभ्यास आहे. त्या बायका पाळी चालू असलेल्या होत्या, पण तुम्हालाही पाणी वर्ज्य नाही. मुख्याध्यापकांकडे संडासाच्या पाण्याचा आणि किल्लीचा विषय काढा. तुमच्या वर्गातल्या सातवीच्या मुलीही घोटभर पाणी न पिता घरी जात असतील.

क्रॅनबेरीची पाकिटं? वारंवार होणाऱ्यांत थोडं कमी होतं, झालेलं बरं होत नाही. परवडत असेल तर घ्या. त्यांतच मिसळलेलं डी-मॅनोज (एक प्रकारची साखर) मात्र ब्रिटनमध्ये सुमारे ६०० बायकांवर पाहिलं, २०२४ ला निष्कर्ष आला, उपयोग नाही.

डॉक्टरांकडे जाताना चारही वेळच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन जा, टाकली नसतील तर. आणि सासूबाईंना सोबत न्या, त्यांच्या खाजेचंही एकाच फेरीत होऊन जाईल.